सवतीची फूट

तिगावच्या रस्त्याला संत्र्याच्या कलमांची एक नर्सरी आहे. लग्न होऊन पांढुर्ण्यात आल्यापासून मालतीबाई तिथं डोळे भरते. डोळे भरणं म्हणजे रडणं नव्हे, हे परगावच्या माणसाला आधी सांगावं लागतं. जंबेरी नावाचं एक आंबट, काटेरी, पण मुळाचं भारी चिवट लिंबू असतं. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर सालीला चीर पाडायची, गोड संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा अलगद उचलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. मूळ आंबटाचं, शेंडा गोडाचा. संत्र्याचं झाड असं दोन आयांच्या पोटी जन्मतं.

मालतीबाईचा हात या कामात इतका बसलेला की चाकू सालीला टेकतो कधी आणि डोळा आत शिरतो कधी, ते शेजारी बसलेल्या बाईलाही दिसत नाही. तिनं भरलेला डोळा सहसा मरत नाही. मालक नव्या बायकांना सांगतो, मालतीबाईजवळ बसा, बोलू नका, पाहा.

डोळ्याच्या खालून कधीकधी जंबेरीची स्वतःची फूट निघते. दिसायला देखणी, वाढायला भरभर. ठेवली तर वरच्या संत्र्याचं सगळं पाणी पिऊन टाकते, आणि ज्यानं मोठ्या हौशीनं संत्रा लावला त्याच्या बगीच्यात आंबट लिंबं लोंबतात. नर्सरीतल्या बायका तिला सवतीची फूट म्हणतात. ती दिसली की कापायची, विचार करायचा नाही. मालतीबाई झोपेतही कापेल, असं तिचा नवरा गुलाब म्हणतो.

आणि मग कलम गुडघ्याच्या वर आलं की गाडीत चढतं. सौंसरला जातं, रामाकोन्याला जातं, खाली वरूड-काटोलकडे जातं. मालतीबाईनं आयुष्यभर झाडं केली, पण गुडघ्याच्या वरचं झाड तिनं वाढवलेलं नाही. घराला अंगण नाही. दार उघडलं की नाली आणि नालीपलीकडे रस्ता. तिच्या हातचे बगीचे कुठंतरी उभे असतील, फळांनी वाकले असतील. तिनं त्यांतला एकही पाहिला नव्हता.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि गावाला उगाच उंच झाल्यासारखं वाटू लागलं. जिल्ह्याला शोभेल असा बगीचा पाहिजे, असं जो तो म्हणू लागला. मग जाम नदीच्या अलीकडे, जिथं पूर्वी कचरा पडायचा त्या मैदानाला तारेचं कुंपण झालं, लाल मातीची वाट झाली, आणि एका पावसाळी सकाळी ऑटोवर भोंगा लावून कोणी सरकारी हिंदीत ओरडत गेलं, नगर के सभी नागरिक एक-एक पौधा गोद लें.

गुलाब दाढी करत होता. नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्यात त्याची सारी नोकरी सरली, आता निवृत्त होऊन तो घरी असतो आणि सगळ्यावर बोलतो.

"गोद घ्यायचं म्हणते," तो म्हणाला. "मांडीवर घेऊन बसशील काय झाडाले?"

"बसीन," मालतीबाई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

लग्नाच्या वयाच्या पोरीसारखं तिला झालं होतं, आणि ते गुलाबला कळू नये म्हणून ती चपला दारामागे असताना पलंगाखाली शोधत राहिली.

बगीच्यात नितीन नावाचा पोरगा उभा होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बगीच्याचं सगळं काम त्याच्या अंगावर आलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप त्यानं बनवला होता. ग्रुप ज्यानं बनवला त्यानंच मग खड्डेही मोजावे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"संत्र्याचं देतं काय, भाऊ?" मालतीबाईनं विचारलं.

"काकू, संत्रं लावलं तं पिकायच्या आधीच लोक जाळीसकट घेऊन जातीन. जांभूळ घ्या. मस्त पौधा आहे."

जांभूळ तर जांभूळ. तिनं प्लास्टिकची पन्नी फाडली, मातीचा गोळा न फुटू देता रोप खड्ड्यात उतरवलं, आणि भोवती असं गोल आळं केलं की नितीननं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. लोखंडी जाळीला निळी पाटी लागली. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, मालती गुलाब सोमकुवर. तिनं ती पाटी एकदा वाचली, दोन पावलं मागं जाऊन पुन्हा वाचली. इतक्या कलमांखाली कधी तिचं नाव नव्हतं. पांढुर्ण्याच्या मातीत आता तिचं असं एक झाड होतं, आणि ते कोणत्याही गाडीत चढणार नव्हतं.

शेजारचा कडुनिंब प्रेमलताबाईनं घेतला होता. प्रेमलताबाई नदीपलीकडच्या सावरगावची, कपाशीवाल्या घरातली, तोंडानं तिखट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार होते, दोन्ही गावांचे एकमेकांवर दगड चालतात. त्या एका दिवसाचं तिनं पहिल्याच भेटीत मिटवून टाकलं.

"पोळ्याच्या कराले आपलं जमणार नाही, बाई," ती म्हणाली होती. "बाकी साल जमन."

आणि जमलंच. कामावर जायच्या आधी मालतीबाई कॅन घेऊन यायची, प्रेमलताबाई पूल ओलांडून यायची. एकीचं संत्रं मोठं, दुसरीची कपाशी मोठी. संत्र्यानं घरं बांधली म्हटलं की कपाशीनं अंग झाकलं म्हणून उत्तर यायचं. "तुमच्या संत्र्याचा सदरा शिवून घाला एखाद्या दिवशी," प्रेमलताबाई म्हणायची, आणि दोघी हसता हसता कॅन उपडी करायच्या. जांभळाला रोज नवं काही व्हायचं. आज पानाला चकाकी आली, आज शेंडा जाळीच्या दुसऱ्या कडीला लागला. मालतीबाई घरी जाऊन हे गुलाबला सांगायची. गुलाब म्हणायचा, आपल्या राहुलले पहिला दात आला तवा एवढं सांगतलं नाही तुनं.

पौषात थंडी पडली. या बाजूला थंडी पडते ती कधी अशी पडते की सकाळी गवतावर राख सांडल्यासारखं दिसतं. त्या गारठ्यात जांभळाचं पान न् पान करपलं. दोन-तीन दिवसांत काळं झालं आणि गळलं. मालतीबाईनं गोणपाट बांधलं, पण चोर गेल्यावर कुलूप लावल्यासारखं ते झालं. प्रेमलताबाईचा कडुनिंब भिंतीच्या आडोशाला होता, तो वाचला.

उभी राहिली ती नुसती काडी. पण मालतीबाई डोळे भरणारी. नुसत्या काडीवर भरवसा ठेवणं हेच तर तिचं काम. कलमाचा डोळाही बांधल्यावर मेल्यासारखा पडून असतो आणि मग एके दिवशी टचकन फुगतो. ती रोज पाणी घालायची आणि शेंड्याकडे पाहायची. शेंड्याला फुटलं पाहिजे. शेंड्याला फुटणारच.

माघ सरता सरता फुटलं, पण शेंड्याला नाही. अगदी बुडाशी, मातीला लागून, तांबूस टोकाची एक फूट निघाली. मालतीबाईच्या हातात कलमाचा चाकू होताच. हात थांबला नाही. काही दिवसांनी तिथंच आणखी दोन आल्या. त्याही गेल्या.

"काऊन कापून राहिल्या वो?" प्रेमलताबाईनं विचारलं.

"सवतीची फूट आहे. ठेवली तं वरच्याचं पाणी पिते."

"वरचं तं वाळलं दिसते."

"कपाशीवाल्याले नाही समजत ते. खालचं कापलं तं जोर वर जाते. चाळीस वर्षं तेच करून राहिली मी."

"करा बाप्पा," प्रेमलताबाई म्हणाली. "संत्र्याच्या घरची झाडंबी मोठ्या मानाची."

हसण्यावारी गेलं, पण मालतीबाईला लागलं. त्यानंतर चार-सहा दिवस कपाशीचा विषय निघाला नाही, संत्र्याचाही नाही. दोघी आपापल्या आळ्यात पाणी ओतायच्या आणि वाटेला लागायच्या. काडी तशीच होती. बुडाशी पुन्हा एक टोक निघालं, नखाएवढं. मालतीबाईनं तेही खुडलं, आणि खुडताना इतका राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं. शेंड्यानं तिला दगा दिला होता, आणि हे खालचं मात्र थांबायला तयार नव्हतं.

मग ग्रुपवर नितीनचा निरोप आला. राहुलच्या बायकोनं, मोनालीनं, तो वाचून दाखवला. होळी जवळ आली आहे, वाळकी झाडं पोरं होळीसाठी उपटतील आणि जाळ्याही जातील, म्हणून रविवारी सकाळी वाळकी झाडं काढून त्या जागी नवी लावू. ज्या झाडावर हिरवं पान नाही ते वाळकं धरलं जाईल. नवं झाड ज्याला पाहिजे त्यानं नाव सांगावं.

"म्हणजे पाटी काढतीन?" मालतीबाईनं विचारलं.

"तुमीच परत नाव सांगा ना, आई. नवं झाड भेटन," मोनाली म्हणाली.

नवं झाड. मालतीबाईनं आयुष्यभर नवी झाडंच पाहिली होती. तिला हे पाहिजे होतं, जे तिनं उतरवलं, जे पावसाळाभर तिच्या समोर वाढलं. त्या रात्री तिनं ताट तसंच सारलं. गुलाबनंही त्या दिवशी थट्टा केली नाही.

शनिवारी सकाळी ती बगीच्यात गेली तेव्हा प्रेमलताबाई आधीच आली होती आणि जांभळाच्या आळ्याशी उकिडवी बसली होती.

"एक विचारू काय, मालतीबाई? रागवणार नाही ना?"

"विचारा."

"तुमचं जांभूळ जंबेरीवर बांधलं होतं काय?"

"जांभूळ कायले जंबेरीवर बांधतीन? तुमचंबी काहीतरीच."

"मंग कायच्यावर बांधलं होतं?"

"कायच्यावर नाही. बियाचं झाड आहे. खाली जांभूळ, वर..."

मालतीबाईनं हातातली कॅन खाली ठेवली.

प्रेमलताबाई पुढं बोलत होती. पऱ्हाटीचा, कपाशीचा हंगाम झाला, वरचं सगळं वाळलं, तरी पाणी दिलं की बुडातून फुटते. आम्ही त्याले फरदड म्हणतो, त्यालेबी कापूसच लागते, काही वांगे नाही लागत. ती आणखीही काही म्हणत होती. मालतीबाईच्या कानात काही शिरत नव्हतं. बियाचं झाड. डोळा नाही, चीर नाही, पट्टी नाही. खाली जांभूळ, वरही जांभूळ. मग बुडातून जे येत होतं ते कोणाचं होतं? सवत होतीच कुठं या झाडाला? एकच आई होती, वरून मेलेली आणि खालून पुन्हा पुन्हा हात वर करणारी, आणि तो हात दिसला की मालतीबाई कापत होती.

ती मटकन आळ्यात बसली. लुगडं ओलं झालं.

"मी मारून राहिली होती तिले," ती म्हणाली. "प्रेमलता, मीच मारून राहिली होती."

प्रेमलताबाईनं त्या एका नावातला 'बाई' गळालेला ऐकला. तीही मग सरळच बोलली.

"मेलं काय ते तं पाह्य आधी. रडत काय बसली वं."

मालतीबाईनं हातांनी माती बाजूला केली. मग काडीची साल अंगठ्याच्या नखानं वरून खाली खरडत आली. वर तपकिरी, कोरडं निघालं. बोटभर खाली आली, तरी कोरडं. मातीच्या रेषेशी आली. साल निघाली आणि खाली हिरवं दिसलं. ओलं, कच्च्या कैरीसारखं हिरवं. तिनं बोट नाकाशी नेलं. तुरट वास होता, जिवंत.

"आहे," ती म्हणाली. तेवढंच. प्रेमलताबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. सूर्य कुंपणाच्या वर आला होता, नर्सरीची वेळ झाली होती, आणि मालतीबाई ओल्या आळ्यात बसून हसत होती.

पण पान नव्हतं. एकही नव्हतं. जे होतं ते तिनंच परवा खुडलं होतं. आणि उद्या रविवार.

रविवारी नितीन झाडं उपटायची लोखंडी सब्बल खांद्यावर टाकून आला. मागं छोट्या टेम्पोत नवी रोपं होती. बगीच्यात बरीच मंडळी जमली होती, कोणी पाणी आणलं होतं, कोणी शेण. मालतीबाई जांभळाच्या जाळीशी उभी होती, हातात लहान आरी. शेजारी प्रेमलताबाई, कमरेवर हात. गुलाबही आला होता; तो म्हणत होता की नुसता फिरायला आला.

"काकू, तुमच्यासाठी मोठं रोप आणलं," नितीन म्हणाला. "मोठं पाहून घेतलं."

"हे नाही काढायचं. जित्तं आहे."

"जित्तं कुठं आहे? पान दाखवा ना एक."

"पान मीच कापलं."

नितीननं प्रेमलताबाईकडे पाहिलं. प्रेमलताबाई म्हणाली, "खरं सांगून राहिली ती. लय इमानदारीनं कापलं."

दोघंतिघं हसले. मालतीबाईही हसली असती, पण नितीननं सब्बल जमिनीला टेकवली होती.

"काकू, नियम सगळ्यायले सारखा आहे. तुमचं ठेवलं तं शुक्ला सरांचंबी ठेवा लागते. त्यायचा गुलमोहोर तं नुसता बांबू झाला आहे."

मालतीबाई खाली बसली, जाळीची कडी सोडली, आणि आरी काडीच्या बुडाला, अगदी मातीच्या रेषेशी लावली. घासरघासर आवाज झाला. ज्या शेंड्याची तिनं अख्खा हिवाळा वाट पाहिली तो शेंडा तिच्या हातात आला. तिनं तो गुलाबकडे दिला.

"आता तं काहीच नाही उरलं, काकू," नितीन म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, भीती होती. म्हातारं माणूस खुळावलं काय, अशी.

"खाली वाक. पाह्य."

नितीन वाकला. कापलेल्या बुडाचं मधलं लाकूड फिकट होतं, आणि कडेनं, सालीच्या आत, दोऱ्याएवढी हिरवी रेघ गोल फिरली होती. त्या रेघेवर पाणी चमकत होतं. आणखी चार माणसं वाकली. कोणी मोबाइलची बत्ती लावली. उन्हात बत्ती कायले, असं गुलाब म्हणाला, पण तोही वाकला होता.

"नियमात हिरवं पान लिहिलं आहे," नितीन हळूच म्हणाला.

"हिरवं तं आहे," प्रेमलताबाई म्हणाली. "पान येईन मागून. लेकरू आधी येते, दात मागून येते."

नितीन उठला. त्यानं एकदा ग्रुपातल्या माणसांकडे पाहिलं, एकदा टेम्पोकडे.

"पाडव्यापर्यंत ठेवतो."

"जयंतीपर्यंत ठेव," मालतीबाई म्हणाली. "चौदा एप्रिल."

"ठेवलं. पण मोठं रोप इथंच पन्नीत ठेवून जातो. नाही आलं तं तुमच्याच हातानं लावा."

त्यानंतरचे दिवस मालतीबाईला सणासारखे गेले. रोज सकाळी उठताना वाटायचं, आज दिसेल. पन्नीतल्या रोपालाही ती पाणी द्यायची, त्याचा काही दोष नव्हता. बुडाभोवती गवताचं आच्छादन घालायची, आणि दर दोन दिवसांनी ते सारून पाहायची. नर्सरीतही तिच्याकडून एक चूक झाली: जंबेरीची फूट दिसली आणि हात थांबला. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाली, आणि मग कापली. ती तिथं कापायचीच होती.

होळी झाली. पाडवा झाला. ऊन तापू लागलं, आळ्यातली माती सकाळची ओली दुपारपर्यंत भेगाळू लागली. गुलाब आपणहून संध्याकाळची एक कॅन नेऊ लागला. पाणी सोडणाऱ्या माणसाले पाणी घालायले काय लागते, म्हणायचा.

आणि एका सकाळी तिनं गवत सारलं तर फूट होती. एक नाही, तीन. बुडाच्या तीन बाजूंनी, गव्हाचा दाणा उभा धरावा तशा, तांबड्या, चिकट, चकचकीत. मालतीबाईनं हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. चाकू कमरेला होता. हातांचा तिला भरवसा नव्हता. तिनं पुलाकडे पाहिलं. प्रेमलताबाई पुलाच्या मधोमध होती. मालतीबाईनं पदर हलवला. प्रेमलताबाई, एवढ्या वयाची बाई, कॅनसकट पळत सुटली.

नितीनला फोन केला. तो दुकान उघडायचं सोडून आला आणि गुडघ्यांवर बसला.

"काकू, हे तं लाल आहे," तो म्हणाला. "नियमात हिरवं..."

"जलमताना लेकरू लालच असते, बापू. तूबी होता."

नितीन हसला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि पन्नीतलं मोठं रोप उचलून म्हणाला की याला आता शुक्ला सरांच्या बांबूच्या जागी नेतो. जाता जाता वळून म्हणाला, "एकच ठेवा लागते ना यातलं? नाही तं झुडूप होईन."

खरं होतं. एक ठेवायची, दोन काढायच्या. हे काम मालतीबाईइतकं कोणाला येत होतं? तिनं कमरेचा चाकू काढला, उघडला, आणि मुठीकडून प्रेमलताबाईपुढं धरला.

"तू काप. माह्या हातानं नाही होत."

प्रेमलताबाईनं चाकू घेतला. बराच वेळ तिन्ही फुटी पाहिल्या.

"कोणती ठेवू? ही नदीकडची?"

"ती कायले? ती तिरपी निघाली. ही इकडची ठेव, सरळ आहे."

"इकडची म्हणजे पांढुर्ण्याकडची. व्हय ना? समजलं मले."

"तसं नाही वं. सरळ आहे म्हणून सांगून राहिली."

"नदीकडची जाड आहे. जाड असते ते टिकते."

"सरळ असते ते टिकते. डोळे भरणाऱ्याले शिकवतं काय?"

"सवत समजून पोटची कापणाऱ्याले शिकवाच लागन," प्रेमलताबाई म्हणाली, आणि मालतीबाईला इतकं हसू आलं की ती जाळीला धरून वाकली. चाकू प्रेमलताबाईच्या हातात तसाच उघडा होता. तिकडे तिगावच्या बाजूनं गाडीचा भोंगा झाला, म्हणजे नर्सरीची वेळ टळून गेली होती. तिन्ही फुटी अजून जागच्या जागी होत्या, आणि दोघी आळ्याच्या दोन बाजूंना बसून सरळ मोठं की जाड मोठं, यावर भांडत होत्या.